नकाराच्या पत्रावर सहीची गरज आहे

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय: आरोग्य विम्याच्या निर्णयांत होणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी नियम करण्याबाबत

महोदय,

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात मी विमा कक्ष सांभाळते. नातेवाईक ज्या खिडकीला टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्क म्हणतात, तिच्या आतल्या बाजूला मी बसते. पॉलिसीची प्रत घ्यायची, प्री-ऑथचा, म्हणजे उपचाराच्या आगाऊ मंजुरीचा, फॉर्म भरायचा, पोर्टलवर रिपोर्ट चढवायचे, विमा कंपनीची क्वेरी, म्हणजे शंका, पडली की डॉक्टरांच्या मागे लागून उत्तर मिळवायचं आणि डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीची वाट बघणाऱ्या माणसांना सामोरं जायचं, हे माझं काम. या कामात जे रोज दिसतं त्यावरून हे पत्र लिहिते आहे. विषय सगळ्याच पॉलिसीधारकांचा आहे, म्हणून ते खुलं ठेवते आहे.

मागणी आधीच सांगते. वैद्यकीय कारणावरून पॉलिसीधारकाच्या विरोधात जाणारा कोणताही निर्णय संगणकाने एकट्याने घेऊ नये. मग तो कॅशलेसचा (कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरण्याच्या सोयीचा) नकार असो, बिलातली कपात असो किंवा दावा फेटाळणं असो. असा निर्णय नोंदणीकृत डॉक्टरने पूर्ण फाइल वाचून घ्यावा. त्या डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि त्याने स्वतः लिहिलेलं कारण पत्रावर छापलेलं असावं. मंजुरी द्यायची असेल तर ती यंत्राने खुशाल द्यावी, त्याला आमची काहीच हरकत नाही.

२९ मे २०२४ च्या आपल्या परिपत्रकाबद्दल आभार मानायला हवेत. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, हा नियम त्यात आला. त्या आधीचे दिवस मला चांगले आठवतात. सकाळी राऊंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणायचे. हातातली सलाइनची सुई निघायची, घरचे कपडे चढायचे आणि मग माणूस पलंगाच्या कडेवर रात्रीपर्यंत बसून राहायचा. मंजुरी रात्री नऊला आली की बिलावर आणखी एका दिवसाचं खोलीभाडं चढायचं आणि त्यावरून भांडण व्हायचं ते आमच्याशी. आता तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे आहेत. या एका ओळीने आमच्या मजल्यावरचं वातावरण बदललं.

पण हा वेग येतो कुठून, तेही बघायला हवं. प्राधिकरणाच्याच वार्षिक अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशात आरोग्य विम्याचे सुमारे ३.२६ कोटी दावे नोंदले गेले. त्यानंतर नवा विमा घेण्यासाठीची ६५ वर्षांच्या वयाची अट गेली, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच विमा घेतलेली माणसं आमच्या खिडकीशी दिसू लागली. नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज या दाव्यांची देवाणघेवाण करणाऱ्या सरकारी डिजिटल व्यवस्थेमुळे कागद एका ठरावीक साच्यात, थेट संगणकाला वाचता येतील असे जाऊ लागले आहेत. एवढ्या फाइली तासाभरात माणसांनी वाचणं शक्य नाही. यंत्र येणारच होतं. मोतीबिंदूचं ठरावीक पॅकेज, साधी प्रसूती, वेळापत्रकाप्रमाणे चाललेलं डायलिसिस, अशा प्रकरणांत मिनिटभरात मंजुरी आली तर सगळ्यांचंच भलं आहे.

अडचण नकाराची आहे. आपल्या परिपत्रकात एक फार चांगलं कलम आहे: कंपनीच्या उत्पादन व्यवस्थापन समितीच्या किंवा तिच्या तीन सदस्यांच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय कोणताही दावा फेटाळता येणार नाही. कागदावर हे कुलूप मजबूत आहे. पण खिडकीशी बसल्यावर कळतं की नकार त्या दारातून येतच नाही. तो बाजूच्या तीन वाटांनी येतो.

पहिली वाट कॅशलेसच्या नकाराची. या पत्रात ठरलेलं वाक्य असतं: कॅशलेस नाकारलं म्हणजे उपचार नाकारले असं नव्हे, आपण नंतर प्रतिपूर्तीसाठी दावा दाखल करू शकता. कायद्याच्या भाषेत हा दावा फेटाळलेला नाही. त्यामुळे तो कुठल्या समितीपुढे जात नाही. पण रात्री अकराला आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या मुलाला त्या वाक्याचा अर्थ एवढाच कळतो की सकाळपर्यंत दीड-दोन लाख उभे करायचे आहेत. मग मामाला फोन, सोसायटीतल्या कुणाला तरी फोन, आईच्या बांगड्या, मोडलेली एफडी. पुढे महिना-दीड महिन्याने पैसे परत मिळालेही, तरी त्या रात्री विमा असून नसल्यासारखाच होता.

दुसरी वाट क्वेरीची. तासाभरात निर्णय द्यायचा आहे आणि निर्णय द्यायचा नसेल, तर प्रश्न विचारला जातो. आजार कधीपासून आहे? आधीचे कागद द्या. मूळ रिपोर्ट द्या. दिलेला रिपोर्ट पुन्हा द्या. काही प्रश्न रास्तच असतात, डॉक्टरांनी अर्धवट लिहिलेलं असतं. पण फाइलमध्ये असलेल्या कागदाची मागणी मिनिटभरात परत येते, आणि ती पुरवली की तीच मागणी दुसऱ्या शब्दांत येते, तेव्हा पलीकडे कुणी वाचतंय का, असा प्रश्न पडतो. विचारायला फोन करावा तर कॉल सेंटरवरचं माणूस स्क्रीनवर दिसतं तेच वाचून दाखवतं.

तिसरी वाट कपातीची, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. २०२३-२४ च्या त्याच अहवालात सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांच्या दाव्यांपैकी ८३,४९३ कोटी दिले गेल्याची नोंद आहे. फेटाळलेले दावे १०,९३७ कोटींचे. पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून नामंजूर केलेली रक्कम मात्र १५,१०० कोटींची. म्हणजे ज्या वाटेवर समितीचं कुलूप आहे तिच्यापेक्षा जास्त पैसा कुलूप नसलेल्या वाटेने अडतो. यातलं बरंच अटींना धरूनच असेल, खोलीभाड्याची मर्यादा असते, ग्लोव्ह्ज-सिरिंजचे पैसे मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ‘इतके दिवस राहण्याची वैद्यकीय गरज नव्हती’ ही कपात वेगळी. तो हिशेब नसून वैद्यकीय मत आहे. मत असेल तर ते कुणाचं, हे समजलं पाहिजे.

एक प्रकरण सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून. पावसाळा आमच्याकडे डेंगीचा हंगाम. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी दाखल झाल्या. हृदयात स्टेंट, त्यासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू, प्लेटलेट उतरत चाललेल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला, पण डॉक्टरांनी त्यांना आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. बिलातून ते दोन दिवस कापले गेले. कारण काय, तर ताप नव्हता, प्लेटलेट ठरावीक आकड्याच्या वर होत्या, ओपीडीत उपचार शक्य होते. डेंगी जवळून पाहिलेल्या कुणालाही विचारा, धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब अचानक पडू शकतो. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या प्लेटलेट आणि धडधाकट तरुणाच्या प्लेटलेट एकाच आकड्याने मोजता येत नाहीत. गोळ्यांची नोंद नर्सिंग चार्टवर होती, आतल्या पानावर. डिस्चार्ज समरीच्या पहिल्या पानावर नव्हती. ज्याने किंवा ज्या कशाने ती कपात केली, त्याने आतलं पान उघडलं नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी सविस्तर पत्र दिलं, आजींच्या मुलीने तक्रार केली आणि पैसे नंतर मिळाले. पण तो पहिला निर्णय कुणाचा होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पत्राखाली लिहिलं होतं: हे संगणकाने तयार केलेलं पत्र आहे, त्यामुळे सहीची गरज नाही.

महोदय, सहीची गरज आहे. माझं म्हणणं त्या एका ओळीपाशीच आहे. तो निर्णय यंत्राचा होता असा माझा दावा नाही. तो यंत्राचा होता की माणसाचा, हे सांगण्याचं बंधन कुणावर नाही, ही माझी तक्रार आहे. आमच्याकडचा सगळ्यांत नवखा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टरसुद्धा, केस पेपरवर औषध लिहितो तेव्हा खाली सही करतो, वेळ घालतो. ‘या औषधाची गरज नव्हती’ असं दुसऱ्या शहरातून ठरवणाऱ्यावर ते बंधन का नसावं?

यंत्र चुकतं ते कसं, हे खिडकीवरून जेवढं समजतं तेवढं सांगते. डॉक्टरांची लिहिण्याची एक जुनी पद्धत आहे. तीन दिवसांपासून त्रास असेल तर ३/७, तीन आठवड्यांसाठी ३/५२, दोन महिन्यांसाठी २/१२. खालचा आकडा म्हणजे आठवड्याचे दिवस, वर्षाचे आठवडे, वर्षाचे महिने. हाताने घाईत लिहिलेलं, फोटो काढून चढवलेलं. २/१२ ही तारीख वाटू शकते, किंवा तिरकी रेघ पुसट असली तर नुसता आकडा. मधुमेह दोन महिन्यांपूर्वी कळला की बारा वर्षांपासून आहे, यावर पॉलिसी घेताना तो लपवला होता का, हे ठरतं. माणूस इथे अडखळतो आणि फोन करून विचारतो. यंत्राला अडखळल्याचं कळतंच असं नाही. ते तितक्याच ठामपणे पुढचा निष्कर्ष काढतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की एखाद्याच्या माहितीवरून त्याच्याबद्दल निर्णय होणार असेल तर ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री करायला हवी. पण यंत्राने आमच्या कागदातून नेमकं काय वाचलं, ते रुग्णाला दाखवलंच नाही, तर तो चूक दाखवणार कशी?

याहून खोल जाणारी एक गोष्ट आहे. ही यंत्रं जुन्या दाव्यांवरून शिकतात. पूर्वी काय मंजूर झालं, काय कापलं गेलं, त्यावरून पुढे काय कापायचं ते ठरतं. आता बघा, चुकीची कपात झाली तरी किती माणसं भांडतात? आठ-दहा हजारांसाठी सुट्टी काढून कागद गोळा करणं परवडत नाही. घरात माणूस गेलेला असेल तर कुणाला त्राणच नसतं. इंग्रजी पत्र कळत नाही म्हणून कित्येक जण ते घडी करून पिशवीत ठेवून देतात. ज्या कपातीला कुणी आव्हान दिलं नाही ती यंत्राच्या वहीत बरोबर म्हणून नोंदली जाते. गरिबाची, दमलेल्याची, दुःखातल्या माणसाची गप्प राहण्याची वेळ यंत्र संमती म्हणून शिकतं, आणि पुढच्या गरिबाला तीच कपात लावतं. वैद्यकीय तज्ज्ञता यात कुठेच आलेली नसते.

माझ्या ओळखीची एक बीएएमएस डॉक्टर नवी मुंबईतल्या एका ऑफिसात दावे तपासायची. तिच्यासारखी शेकडो तरुण डॉक्टर मुलं-मुली हे काम करतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तिने सांगितलं ते असं: फाइल उघडली की स्क्रीनवर सुचवलेला निर्णय आधीच तयार असतो. तो पटला तर एक क्लिक. तो बदलून रुग्णाच्या बाजूने करायचा असेल तर कारण लिहावं लागतं, वरिष्ठांकडे पाठवावं लागतं, आणि दिवसाचा आकडा तर गाठायचाच असतो. सगळीकडे असंच असतं का, हे मी सांगू शकत नाही. पण कष्ट कुठल्या बाजूला ठेवले आहेत ते पाहा. म्हणून माझी विनंती आहे की नियमाने हे उलटं करावं. मंजुरीला एक क्लिक पुरेसा असावा. नकार द्यायचा तर लिहावं लागावं, स्वतःच्या शब्दांत, याच रुग्णाच्या कागदांचा उल्लेख करून.

यावर कंपन्या म्हणतील की शेवटचं बटण माणूसच दाबतो. तेवढ्यावर समाधान मानू नये. अमेरिकेत २०२३ साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने सिग्ना कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली होती. २०२२ मध्ये दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक दावे तिच्या डॉक्टरांनी एका संगणकीय पद्धतीच्या आधारे नाकारले, आणि एकेका दाव्याला सरासरी १.२ सेकंद दिले, असं त्यात होतं. कंपनीने त्या बातमीतली मांडणी मान्य केली नाही. पण माणसाची सही असूनही माणसाने काही वाचलेलं नसू शकतं, हा धडा आपण घ्यायलाच हवा. युनायटेडहेल्थवरही त्याच वर्षी खटला गुदरला गेला. वृद्धांना नर्सिंग होममध्ये किती दिवस लागतील याचा अंदाज बांधणारं यंत्र वापरून त्यांच्या तिथल्या खर्चाची भरपाई वेळेआधीच बंद केली, असा आरोप आहे.

कॅलिफोर्नियाने त्यानंतर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे वैद्यकीय गरजेच्या मुद्द्यावर उपचार नाकारणं, लांबवणं किंवा बदलणं यंत्राला करता येत नाही. तो निर्णय परवानाधारक डॉक्टरने किंवा त्या विषयातल्या पात्र व्यावसायिकाने रुग्णाची स्वतःची माहिती पाहून घ्यायचा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने आयुर्विमा आणि आरोग्य विम्यातली जोखीम व हप्ता ठरवणारी यंत्रं जास्त धोक्याच्या वर्गात टाकली.

दूर जायचीही गरज नाही. आपलं प्राधिकरण ज्या राज्यात बसतं, त्याच तेलंगणात सुमारे १९ लाख रेशन कार्डं संगणकाने लावलेल्या निकषांवर, घरी जाऊन चौकशी न करता रद्द झाली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष फेरतपासणीचा आदेश दिला. ज्यांचं कार्ड चुकून गेलं त्यांनी तोवरचे दिवस कसे काढले असतील, ते कुठल्याच आदेशाने भरून निघत नाही.

आणि आपले शेजारी नियामक या दिशेने निघाले आहेत. सेबीने २०१९ मध्येच शेअर बाजारातल्या मध्यस्थांना अशा यंत्रांच्या वापराची माहिती कळवायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेने आयआयटी बॉम्बेच्या प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. कर्ज नाकारलं गेलं तर माणूस दुसऱ्या बँकेत जातो. ऑपरेशन टेबलाची तारीख ठरल्यावर मंजुरी नाकारली तर दुसऱ्या विमा कंपनीकडे जाता येत नाही. मग आरोग्य विम्याचा नियम आधी यायला हवा होता असं मला वाटतं.

फसवणुकीचा मुद्दा मी टाळणार नाही. खोटे दावे होतात. बिलं फुगवणारी रुग्णालयं आहेत, आमच्या शहरातही आहेत, आणि त्यांचा भुर्दंड प्रामाणिक पॉलिसीधारकाच्या हप्त्यावर पडतो. एकाच पत्त्यावरून, एकाच डॉक्टरच्या नावाने, एकाच साच्यातले दावे येत असतील तर ते यंत्राइतकं चटकन कुणाच्या लक्षात येणार नाही. जरूर वापरावं. फक्त यंत्राने फसवणुकीच्या शक्यतेला दिलेले गुण म्हणजे निव्वळ संशय, पुरावा नव्हे, हे नियमात लिहून ठेवावं. याला एक खास कारण आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आठ वर्षांची मुदत पाचवर आणून आपण लोकांना मोठा आधार दिलात. उद्या यंत्राने लाल खूण केली म्हणून फसवणूक सिद्ध झाली, असं कुणी म्हणू लागलं तर तो आधार पोकळ होईल. संशय आला तर तपासायला माणूस पाठवावा, रुग्णाशी बोलावं, रुग्णालयाला विचारावं, आणि मग ठरवावं.

खर्च वाढेल, असंही म्हटलं जाईल. वाढेल थोडा. पण सरळ मंजुरी यंत्राने दिली तर डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि तोच वेळ अडलेल्या फाइलींना देता येतो. मी सुचवते आहे ते एवढंच.

नियम लिहिताना एक काळजी घ्यावी. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या शब्दावर नियम बांधला तर उद्या प्रत्येक जण म्हणेल की आमच्याकडे ती नाहीच, आमच्याकडे साधा प्रोग्राम आहे, आमचा सॉफ्टवेअरवाला वेगळा, आमचा टीपीए वेगळा. म्हणून नियम परिणामावर असावा. यंत्र कुठल्याही जातीचं असो, कुणाच्याही मालकीचं असो, रुग्णाच्या विरोधात वैद्यकीय निर्णय गेला तर डॉक्टरचं नाव लागेल आणि जबाबदारी विमा कंपनीची राहील. डॉक्टर त्या विषयातला असावा. कर्करोगाच्या औषधाची गरज ज्याने कधी कर्करोगाचा रुग्ण पाहिला नाही त्याने ठरवू नये. फाइल किती वेळ उघडी होती, कोणती पानं पाहिली, यंत्राने काय सुचवलं होतं आणि डॉक्टरने ते बदललं का, याची नोंद जपली जावी आणि मागितली की मिळावी. क्वेरीलाही हाच न्याय लावावा: दिलेला कागद पुन्हा मागितला तर एका तासाचं घड्याळ थांबू नये.

कॅशलेसचे नकार, वैद्यकीय कारणावरच्या कपाती आणि आव्हान दिल्यावर बदललेले निर्णय, हे तीन आकडे प्रत्येक कंपनीने दरवर्षी वेगवेगळे जाहीर करावेत. त्यातला तिसरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आव्हान दिल्यावर निर्णय फार वेळा फिरत असतील, तर पहिला निर्णय कसा होत होता ते कुणी वेगळं सांगायला नको.

विमा लोकपालांची व्यवस्था चांगली आहे. तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जाऊ शकतं, आणि आता ठाण्यातही त्यांचं कार्यालय आहे. मी स्वतः कित्येकांना तिथे जायला सांगते. पण तिथे तक्रार एकेकाची चालते आणि यंत्र निर्णय हजारोंनी घेतं. एका प्रकरणात यंत्राची चूक सिद्ध झाली, तर त्याच चुकीने कापलेले बाकीचे दावे कंपनीने स्वतःहून उघडून पैसे परत करावेत, त्या माणसांच्या तक्रारीची वाट पाहू नये. यासाठी यंत्राच्या नोंदी मागवण्याचा स्पष्ट अधिकार लोकपालांना हवा.

शेवटचं मागणं भाषेचं आहे, आणि माझ्या खिडकीसाठी ते लहान नाही. पॉलिसीचं माहितीपत्रक मागितलं तर स्थानिक भाषेत द्यावं, असं प्राधिकरणाने आधीच सांगितलेलं आहे. नकाराचं पत्रही मराठीत मिळालं पाहिजे, आणि ते यंत्राने केलेलं ओबडधोबड भाषांतर नको, माणसाने वाचून पाहिलेलं हवं. कळव्याहून, वर्तकनगरहून, दिघ्याहून येणारी माणसं मला ते पत्र दाखवून विचारतात, ‘ताई, यात काय लिहिलंय?’ मी वाचून सांगते. मग पुढचा प्रश्न येतो, ‘पण असं कोण म्हणतंय?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. ते पत्रातच असायला हवं.

प्राधिकरण नियमांचा मसुदा काढतं तेव्हा हरकती-सूचना मागवतं, हे मला माहीत आहे. या विषयाचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीतही यावा, आणि विमा कंपन्या व सॉफ्टवेअर कंपन्यांबरोबर रुग्णालयांच्या विमा कक्षांत बसणाऱ्या आमच्यासारख्यांनाही बोलवावं. आम्ही हैदराबादला येऊ. आपल्यापैकी कुणाला ठाण्याला येणं जमलं तर त्याहून बरं. कुठल्याही सोमवारी सकाळी दहा ते दुपारी चार आमच्या कक्षात एक खुर्ची रिकामी ठेवता येईल. शनिवार-रविवारचे सगळे डिस्चार्ज त्या वेळात एकदम निघतात आणि पोर्टलवर क्वेऱ्याही त्याच वेळी येऊन पडतात.

आपली,
ठाण्यातील एका रुग्णालयाच्या विमा कक्षातील कर्मचारी